विषय: नाताळच्या सुटीत मुंबईत मुलांना संग्रहालय कधी दाखवावं?

प्रेषक: सभासद, हॅरो

नमस्कार मंडळी,

यंदा नाताळात आम्ही पार्ल्याला सासरी असू. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. इथे लंडनला शुक्रवारी ऑफिस सुटलं की आम्ही दोघांना घेऊन साउथ केन्सिंग्टनला व्ही अँड ए संग्रहालय गाठतो. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. मुलं जमिनीवर बसून चित्रं काढतात आणि आम्हालाही चार गोष्टी निवांत बघता येतात. मुंबईत संध्याकाळी असं कुठे नेता येईल? सासूसासरे बरोबर असतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं नको. आणि तिथे मुलांच्या कानावर मराठी पडलं तर फारच छान.

------

प्रेषक: निवृत्त चित्रकला शिक्षिका, दादर

ताई, नमस्कार.

मुलगा तिकडे असल्यामुळे मी मंडळाच्या या ईमेल-यादीवर आहे. शाळेत असताना वर्गच्या वर्ग घेऊन संग्रहालयांत गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं. मुंबईतली मोठी संग्रहालयं सहाच्या सुमारास बंद होतात आणि डिसेंबरात सूर्यही तेव्हाच मावळतो. ऑफिसनंतरची फेरी इथे जमणार नाही. त्यापेक्षा दुपारची झोप झाली की तीनला आत शिरा आणि दार बंद झाल्यावर संध्याकाळ बाहेरच्या रस्त्यावर काढा. दक्षिण मुंबईतला काळा घोडा परिसर त्यासाठीच बरा.

तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या प्रिन्स ऑफ वेल्सची, पायाभरणी १९०५ साली झाली आणि ते लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. मधल्या काळात पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तिथे ठेवले होते. सगळी दालनं दाखवायचा आग्रह मात्र धरू नका. मुलं तासाभरात कंटाळतात आणि मग आपण रागावतो. तीनच गोष्टी ठरवा. अकबराचं चिलखत आणि ढाल बघा. भुसा भरलेले प्राणी-पक्षी ठेवलेलं दालन सहा वर्षांच्या मुलाला हमखास आवडतं. तिसरं म्हणजे निमरूदच्या राजवाड्यातले असीरियन शिल्पपट. तुमच्या मुलांनी ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचे भाऊबंद पाहिले असतील, तर ती आपणहून ओळखतील. तो क्षण त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका, आधी सांगू नका. मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालयही २०१९ पासून त्याच आवारात आहे. सासूबाई तिथे बागेत बसू शकतील.

बाहेर आलात की शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी. ती १९५२ सालची, प्रवेश विनामूल्य आणि सातपर्यंत उघडी. तिथे बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेले असतात. मुलीला सांगा, 'हे कसं काढलंत?' एवढंच विचार. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला कुणी हाकललेलं नाही, उलट दोघाचौघांना कागद-पेन्सिल मिळाली आहे. फुटपाथवरही चित्रकार मांडून बसतात, त्यांच्यापाशी रेंगाळा. मुलांना वाटेल की चित्र काढणं हे कुणीही करायचं काम आहे, आणि तसंच वाटायला हवं.

पण खरं सांगू? एकच ठिकाण होणार असेल, तर भायखळ्याला राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. १८७२ साली उघडलं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, म्हणजे तुमच्या शुक्रवारच्या व्ही अँड एचंच. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले डॉक्टर, जुने शिलालेख वाचणारे विद्वान, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलेल्यांपैकी एक. इमारत पूर्वी पार कळकट झाली होती. मग काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि २००५ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. आत पाऊल टाकलं की हिरवे-सोनेरी खांब आणि नक्षीचं छत बघून मुलं आपोआप हळू बोलायला लागतात.

वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: मुंबईतल्या नाना जातीधर्मांचे, नाना धंद्यांचे लोक, ज्याची त्याची पगडी, ज्याचा त्याचा पेहराव. तिथे आजीआजोबांना पुढे करा आणि तुम्ही दोन पावलं मागे राहा. ही पगडी कुणाची, हे अवजार कशाचं, हे लुगडं कसं नेसायचं, यातलं निम्मं तुमच्या सासूबाईंना फलक न वाचता सांगता येईल. मुलांच्या कानावर मराठी पडावी असं म्हणालात ना, ती तिथे पडेल. जिना आहे, तेवढा सावकाश चढा. बुधवारी बंद असतं.

मुलांसाठी एक शोधाशोध: काळा घोडा चौकात आता उभा आहे तो स्वार नसलेला घोडा २०१७ सालचा. ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं, तो राजा एडवर्डला पाठीवर घेतलेला मूळ घोडा १९६५ मध्ये तिथून काढला. तो राणीच्या बागेत आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच, संग्रहालयाच्या बाहेर. तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता, पण उचलताना फुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा केला.

------

प्रेषक: सभासद, स्लाव

आजी, फार सुंदर लिहिलंत. तरीही 'सहाला बंद' वाचून वाईट वाटलं. माझे वडील लायन गेटजवळच्या ऑफिसात होते. सीएसटीहून रोज प्रिन्स ऑफ वेल्सच्या घुमटाजवळून चालत जायचे. डोंबिवलीची लोकल गाठायची घाई असायची, त्यामुळे संग्रहालय आतून पाहिलं ते निवृत्तीनंतर. आठवड्यातून एक संध्याकाळ जरी आठपर्यंत दार उघडं राहिलं, तर अशा किती घरांना ते बघता येईल!

गर्दी होणार नाही असं कुणी म्हणू नये. १९९९ पासून दर फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरतो. संध्याकाळी कडेवर पोरं घेतलेली माणसं उपनगरांतून तिथे येतात. आपल्या मंडळाने दोन्ही संग्रहालयांना पत्र लिहावं: सुटीच्या दिवसांत एक कौटुंबिक संध्याकाळ ठेवा, मराठीतून. खर्चातला वाटा आपण उचलू. मी मसुदा करतो.

------

प्रेषक: निवृत्त चित्रकला शिक्षिका, दादर

जरूर लिहा, माझी सही धरा. भायखळ्याला मागच्या प्रांगणात पूर्वी व्याख्यानं, संगीत, सिनेमे होत असत. शनिवार-रविवारी मराठी-हिंदीतून माहिती सांगणाऱ्या विनामूल्य फेऱ्याही असत. म्हणजे आपण अगदीच नवं काही मागत नाही. मात्र पत्रात मोठ्या समारंभाची भाषा नको. दीपप्रज्वलन आणि भाषणं सुरू झाली की मुलं गेलीच. सतरंज्या, पेन्सिली, बघायला चार वस्तू आणि त्यांच्याविषयी मराठीत गोष्ट सांगणारं एक माणूस, एवढंच मागा. वयस्कर मंडळींसाठी खुर्च्या हव्यात, हे आठवणीने लिहा. गोष्ट सांगायला मी येईन, मानधन नको.

------

प्रेषक: सभासद, हॅरो

आजी, सासूबाईंना तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, गुडघ्यांचं मी बघते, भायखळाच करू. नाताळनंतरच्या शनिवारी दुपारी तीनला संग्रहालयाच्या दारात भेटू या, तुम्हीही याल ना? दादरहून टॅक्सीने तुम्हाला घेऊ. यादीवरच्या आणखी कुणाची मुलं तेव्हा मुंबईत असतील तर जरूर आणा, फक्त आठवडाभर आधी मला कळवा. दालनात रंग नकोत म्हणून सगळ्यांसाठी पेन्सिली आणि वह्या मी आणते.