नळाचं पाणी स्वच्छ दिसतं, तरी वस्तीत जुलाब का?

प्रश्न: दाट झोपडवस्तीत दिवसातून तासभरच पाणी येतं. दिसायला नितळ, तरी मुलांना सारखे जुलाब होतात. दोष नळात की साठवणीत?

उत्तर १: बहुधा दोन्हीकडे. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि गटारातून नेलेल्या पाइपाच्या फटींतून घाण आत ओढली जाते. नळाला थेट मोटर लावली की हे आणखी वाढतं. सुरुवातीचं पाणी धुण्याला वापरा, पिण्याचं नंतर भरा. गाळून क्लोरीनची गोळी टाका (किती लिटरला एक, ते पाकिटावर असतं) आणि 30 मिनिटं थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं.

उत्तर २: आणि त्या साठवलेल्या पाण्यात हात बुडाला की सगळी मेहनत वाया! झाकणाचं, तोटीचं भांडं घ्या. पिंप आठवड्याला रिकामं करून आतून घासाच; डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

उत्तर ३: जुलाब लागताच ओआरएस (साखर-मिठाचं पाणी) द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने कधीच नको, जास्त झालं तर बाळाला घातक. अंगावरचं दूध चालू ठेवा. डोळे खोल गेले, मूल सुस्तावलं किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना.