तिरंदाजीचे लक्ष्यफलक स्वस्तात कसे तयार करता येतील?

प्रश्न (क्रीडाशिक्षक, सोलापूर)
आमच्या शाळेतील १४ मुले तिरंदाजी शिकतात. धनुष्ये तिरंदाजी स्पर्धांच्या भारतीय प्रकारात (इंडियन राउंड) चालतात तशी बांबूची असल्यामुळे तो खर्च कसाबसा पेलतो. अडचण आहे ती फोमच्या लक्ष्यफलकांची. सगळी मुले मध्यावरच नेम धरतात (शिकवतोही तेच), त्यामुळे काही महिन्यांतच मधोमध भगदाड पडून बाण आरपार जाऊ लागतात आणि कडेचा बहुतेक भाग शाबूत असूनही संपूर्ण फलक टाकून द्यावा लागतो. येथे मिळणाऱ्या साहित्यातून यावर उपाय निघेल का?

उत्तर १ (टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता)
सर, आमच्याकडे कापणीनंतर उरणाऱ्या चिंध्या किलोवर विकल्या जातात. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यात त्या पायाने दाबून ठासून भरल्या, तर बाण घर्षणानेच थांबतो. पुतण्यासाठी मी असे पोते भरले होते. चिंध्या हळूहळू तळाशी बसतात, म्हणून पोते अधूनमधून उलटे टांगावे. दशांचे लांब धागे मात्र घालू नयेत. ते बाणाला गुंडाळले जातात.

उत्तर २ (निवृत्त यंत्र अभियंता)
पोते नवशिक्यांसाठी उत्तम आहे, विशेषतः १८ मीटर अंतरावरील ४० सेंटिमीटरच्या कागदासाठी (फलकावर लावायचा, वर्तुळे छापलेला कागद). परंतु ७० मीटर अंतरासाठीचा १२२ सेंटिमीटरचा कागद त्याच्या फुगीर अंगावर सपाट बसणार नाही. त्यासाठी आपण टाकून देता ते फलकच कामी येतील. शाबूत कडांचे सारख्या रुंदीचे पट्टे कापून ते आडवे, एकावर एक रचावेत, वर व खाली जाड फळी ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी आट्यांच्या सळया घालून नटांनी आवळावे. बाण दोन थरांच्या फटीत शिरतो, त्यामुळे फोम कमी चिरतो. मधले थर सैल झाले, की नट ढिले करून त्यांची वरच्या थरांशी अदलाबदल करावी. झिजतो तो मध्यच, तर बदलता यावा तोही मध्यच. सळया कागदाच्या कडेपासून बऱ्याच बाहेर असाव्यात, अन्यथा बाण लोखंडावर आपटून उसळेल. मागे मातीचा उंच बांध हवाच.

प्रश्नकर्ता
सात जुने फलक अडगळीत पडून आहेत, त्यांचे पट्टे कापून पाहतो. चिंध्यांची पोती पावसाळ्यात बाहेर ठेवली तर चालतील का?

उत्तर १
नाही, सर. सुती चिंधी एकदा भिजली, की आतून वाळत नाही आणि बुरशी धरते. व्हरांड्यात टांगा. दोन पोत्यांपुरता माल बाजूला काढून ठेवला आहे.