नळ कोरडा पडला त्या संध्याकाळी मी जे बोलले

सांजवारा:

गेल्या आठवड्यातली गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

संध्याकाळी सहाला नळ बंद पडला. सातपर्यंत टाकीही रिकामी झाली. मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक मुलगी, आवाजावरून फार तर वीस-बावीसची. म्हणाली, मुख्य लाइन फुटलीये, माणसं कामावर आहेत. मी म्हणाले, "ते मला सांगू नका. पाणी किती वाजता येणार तेवढं सांगा." नक्की वेळ सांगता येणार नाही म्हणाली. त्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. "फुकटचे पगार घेता" हे एक वाक्य लिहिते, कारण ते माझ्याच तोंडून गेलंय. ती "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली. नऊच्या आत मी तीन फोन केले. माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारीच बसली होती.

साडेदहाला औषध आणायला बाहेर पडले तर पुढच्या वळणावर रस्ता खोदलेला. खड्ड्यात दोघं जण. एक जण चिखलात पालथा पडलेला, गाल पाण्याला टेकलेला, आणि खांद्यापर्यंत हात गढूळ पाण्यात घालून काहीतरी चाचपत होता. दुसऱ्याने वरून बॅटरी धरली होती, पण त्या पाण्यात बॅटरीचा काय उपयोग? "लागला का नट?" "लागला. अर्धाच फेरा फिरतोय." मी पाच मिनिटं तिथे उभी होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

पहाटे पाणी आलं. नळ आधी फुरफुरला, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. दहा मिनिटांत घर नेहमीसारखं झालं आणि मी सगळं विसरले. दोन दिवसांनी इंटरनेट बंद पडलं तेव्हा मुलगी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "ते मला सांगू नका." शब्द न् शब्द माझा.

माझ्या आजीने आयुष्यभर पाणी डोक्यावरून वाहिलं. मुलीला ते कितीदा तरी सांगितलंय. ती म्हणते, "तेव्हा तसं होतं." तिचंही खरंच आहे. जे नसलेलं कधी पाहिलंच नाही, त्याची किंमत तिला कुठून कळणार? आणि आजीला पाहिलेल्या मला तरी कुठे कळली?

तुमच्या घरात ही जाणीव टिकवायला कशाचा उपयोग झाला? तुम्ही स्वतः केलेलं काही असेल तर सांगा.

व्हॉल्व्हमन:

ताई, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही पाहिलं त्याच्या पुढचं सांगतो, ते सहसा कुणाला दिसत नाही.

पाइप जोडला की लगेच पाणी सोडता येत नाही. रिकाम्या लाइनमध्ये हवा भरलेली असते. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाण्याचा दणका बसतो आणि लाइन दुसरीकडे फुटते. म्हणून थोडा थोडा उघडायचा, एअर व्हॉल्व्हमधून हवा जाऊ द्यायची, पहिलं गढूळ पाणी वॉशआउटमधून, म्हणजे लाइन धुवायच्या तोंडातून, काढून टाकायचं. मग क्लोरीन बघायचं. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंब टाकले की पाणी पिवळसर झालं पाहिजे. तुमच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. दुरुस्ती दोन तासांची असली तरी पाणी पहाटे येतं ते यामुळे. "किती वाजता" याचं उत्तर त्या मुलीकडे नव्हतंच, खड्ड्यातल्यांकडेही नव्हतं.

शिव्या आम्ही पुष्कळ खाल्ल्या. त्याचं फार काही नाही. पण पाणी आल्यावर एकही फोन येत नाही, हे मात्र मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत लागायचं.

निळीशाई:

मला थोडं वेगळं म्हणायचंय. पाणी हा उपकार नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. १२२ देश बाजूने, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार जगात अजून सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेचं पिण्याचं पाणी मिळत नाही. त्यांना "आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? वरची माणसं खालच्यांना गप्प बसवायला हा शब्द नेहमी वापरत आली आहेत, म्हणून मला त्याची धास्ती वाटते.

ताई, तुम्ही तक्रार केलीत ते बरोबरच होतं. हक्क व्यवस्थेकडे मागायचा असतो. तुम्ही तो त्या मुलीला मारून फेकलात. चूक झाली असेल तर तेवढीच. तुमच्या मुलीला समजावताना या दोन गोष्टी कृपया एकत्र करू नका. नाहीतर ती उद्या अन्यायालाही "थँक यू" म्हणायला शिकेल.

पाऊलखुणा:

मी नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे. टाइप वन मधुमेह. आता चाळिशी उलटली.

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, म्हणावा तसा गुण आला नाही. तिथल्या संशोधकांपैकी कॉलिपने दिवसरात्र खपून अर्क शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा दिला आणि मुलगा सावरला. त्याआधी माझ्यासारख्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढाच इलाज होता. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगला पेटंटवर स्वतःचं नाव नको होतं. शेवटी संशोधकांनी ते टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एकेक डॉलरला देऊन टाकलं.

हे मला पाठ आहे. तरी सकाळी सुई टोचताना मी यातलं काही आठवत नाही. कंटाळा येतो, चिडचिड होते. रोज चारदा कृतज्ञ राहणं माणसाला जमत नाही, आणि ते जमत नाही म्हणून स्वतःला अपराधी मानणं मी सोडलंय. वर्षातून एकदा, ११ जानेवारीला, बाटली हातात घेऊन दोन मिनिटं बसते. गार असते, फ्रीजमधली. ती तळहातात कोमट होईपर्यंत बसते. बास. एवढं मात्र इतक्या वर्षांत चुकवलेलं नाही.

(निळीशाई, तुमचंही पटतं. इन्सुलिन न मिळाल्यामुळे आजही लोक मरतात. मी बाटली धरून बसते तेव्हा तेही मनात येतं, आणि राग येतो. दोन्ही एकाच वेळी होतं.)

कोपरखळी:

थोडक्यात लिहितो. सवयीने सुख बोथट होतं यावर मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा १९७८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. लॉटरी लागलेले २२ जण इतरांपेक्षा फारसे आनंदी निघाले नाहीत, उलट रोजच्या लहानसहान गोष्टींतली गोडी त्यांना कमी लागत होती. माणसं थोडी होती, म्हणून त्यावर फार मोठं घर बांधू नये. २००३ मध्ये एमन्स आणि मॅकलॉ यांनी काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांचा सूर बरा राहिला.

आमच्या घरी असली यादी महिनाभर चालली. मग मुलं "घर, शाळा, आई-बाबा" असं दर आठवड्याला उतरवून काढायला लागली. बंद केली.

सांजवारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. निळीशाई, "मारून फेकलात" हे वाचून दिवसभर अस्वस्थ होते. खरं आहे ते.

काल तोच नंबर लावला. ती मुलगी नव्हती, दुसरं कुणी होतं. "तक्रार काय आहे?" म्हटलं, तक्रार नाही, त्या रात्री खड्ड्यात उतरलेल्यांना निरोप द्यायचाय, आणि फोनवर होती तिची माफी मागायचीये. तक्रारीचा प्रकार निवडल्याशिवाय नोंद पुढे जात नाही म्हणाली. शेवटी "इतर" मध्ये टाकलं आणि मी सांगितलेलं शब्द न् शब्द टाइप करून मला वाचून दाखवलं.

व्हॉल्व्हमन काका, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. आजीच्या गोष्टीला ती कधी थांबत नाही, याला थांबली. तिचा प्रश्न आहे: काही दिसत नसताना बोटांना नट कसा कळतो?

व्हॉल्व्हमन:

तिला सांगा, नटाला सहा कोपरे असतात. नवा असला की ते बोटांना टोचतात, अंधारातही मोजता येतात. जुना असला की झिजून गोल झालेला असतो, पाना घसरतो. अर्धाच फेरा फिरत होता म्हणजे गंजलेला होता. गार पाण्यात बोटं बधिर व्हायच्या आत तो सोडवावा लागतो, नाहीतर हात बाहेर काढून चोळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायचा.