पगार कोणाच्या हातात? बडोद्याच्या बायकांनो, अनुभव लिहा

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा. त्यामुळे इथल्या मराठी घरांत पणजीलाही लिहिता-वाचता यायचं. पण शिकलेली बाई कमवायला कधी लागली आणि तो पैसा तिच्या हातात कधी राहिला? हे आपल्या घरांतूनच कळेल. आजी, आई, स्वतः, कोणाबद्दलही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. दंड नको म्हणून पणजीला शाळेत घातलं, चौथी झाली आणि थांबवलं. आजी मात्र थेट महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकली. तेव्हा हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या, सहशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाच्या देशातल्या पहिल्या महिला कुलगुरू. आजी शिक्षिका झाली. एक तारखेला पगाराचं पाकीट न उघडता सासऱ्यांपुढे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बससाठी त्यांच्याकडेच सुटे मागायची. पदवी होती, पाकीट नव्हतं. आईने लग्न ठरतानाच सांगितलं, पगार माझ्या खात्यात राहील. त्यावरून बरीच बोलणी खाल्ली तिने, पण हटली नाही.

दांडिया बाजारातून :
आमच्या आत्या लहान वयात विधवा झाल्या. चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकल्या. महाराणी चिमणाबाईंच्या नावाची ही संस्था 1914 पासूनची. आत्यांची मापाची वही माझ्याकडे आहे. छाती, कंबर, बाही हे सगळं मराठीत, शिलाईचे आकडे मात्र गुजरातीत, कारण हिशेब गिऱ्हाईक बेनला दाखवायचा असे! भावाने पैसे देऊ केले तर म्हणायच्या, "राहू दे, पोस्टात आहेत माझे." ते 'माझे' फार ठासून म्हणायच्या.

केमिकल इंजिनिअर, आता निवृत्त :
शिक्षणाला घरून आडकाठी नव्हती, अडलं ते कारखान्यात. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बायकांना कामावर ठेवता येत नसे. म्हणजे रात्रपाळी नाही. प्लँट रात्रीही चालतो, बिघाड रात्रीही होतात. बढतीच्या वेळी वरिष्ठ विचारणार, "शिफ्टचा अनुभव?" माझ्यामागून आलेले मुलगे पुढे गेले. संरक्षणासाठी केलेल्या नियमाने माझी वाट अडवली, याचा राग अजून आहे.

वाघोडिया रोडवरून :
सगळं वाचलं. माझा पगार नवऱ्यापेक्षा जास्त आहे. हप्ता माझ्या खात्यातून जातो आणि फ्लॅट फक्त त्याच्या नावावर. घेताना कोणी विचारलं नाही, मीही नाही. आता काय करता येईल?

धागाकर्ती :
ताई, हप्ते तुमच्या खात्यातून गेल्याचे सगळे स्टेटमेंट आधी काढून ठेवा आणि नाव चढवण्याबद्दल वकिलाला विचारा. कर्ज चालू आहे, तर बँकेलाही विचारावं लागेल. आणि पुढे काही घ्याल तेव्हा लक्षात असू द्या, गुजरातमध्ये खरेदीखत बाईच्या एकटीच्या नावावर केलं तर नोंदणी फी माफ आहे. इथे कोणी असं नाव नंतर चढवून घेतलं असेल तर कसं केलं ते सविस्तर लिहा.