मोटारसायकल शिकताना: प्रशिक्षणवर्गातले अनुभव

मोटारसायकल बहुतेकांना घरातले कोणीतरी किंवा मित्र शिकवतात, आणि गाडी चालू लागली की शिकणे संपले असे धरले जाते. लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकलींच्या सुमारे ९०० अपघातांची पाहणी करणारा संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. म्हणूनच ज्यांनी नवशिक्यांच्या वर्गात रीतसर शिक्षण घेतले, त्यांनी तिथे नेमके काय हाती लागले ते बारकाव्यांसह लिहावे, ही विनंती.

*

मी त्याआधी इंजिनाचे कोणतेही वाहन चालवलेले नव्हते. आमच्या वर्गात सुरुवातीला इंजिन बंद ठेवूनच गाडी ढकलणे, स्टँडवर लावणे आणि तिचे वजन तोलणे शिकवले, आणि भीती निम्मी तिथेच ओसरली. त्यानंतर बराच वेळ केवळ क्लचवर, म्हणजे इंजिन चाकाला जोडणाऱ्या आणि सोडवणाऱ्या डाव्या हाताच्या लिव्हरवर, दिला गेला. लिव्हर सावकाश सोडत गेले की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. त्याच ठिकाणी बोटे थांबवायची, लिव्हर पुन्हा थोडा आत घ्यायचा, पुन्हा सोडायचा, असे गाडी पावलापावलाने सरकवत आम्ही करत राहिलो. हे कंटाळवाणे वाटते खरे, परंतु पुढे चढावर थांबून निघताना किंवा गर्दीत गाडी हळू चालवताना उपयोगी पडते ते हेच.

*

माझी अडचण वेगळी होती. मी अनेक वर्षे बिनगिअरची स्कूटर चालवत असल्याने थांबायचे म्हटले की दोन्ही हातांची बोटे आपोआप आवळली जात. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलवर तिथे क्लच असतो आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. म्हणजे सवयीने केवळ डावा लिव्हर दाबला, तर इंजिन चाकापासून सुटते आणि गाडी थांबण्याऐवजी तशीच पुढे घरंगळत राहते. प्रशिक्षकांनी हे ओळखून मला इतरांपेक्षा अधिक काळ फक्त निघणे आणि थांबणे एवढेच करायला लावले. स्कूटर येणाऱ्यांना वर्गाची गरज नाही, असे म्हणणाऱ्यांनी या मुद्द्याचा अवश्य विचार करावा.

*

मला सर्वांत मोलाचे वाटले ते नजरेचे शिक्षण. मैदानावर मांडलेल्या शंकूंच्या मधून वळताना जवळच्या शंकूकडे पाहिले की गाडी नेमकी त्याच्याकडेच जाते, आणि मान वळवून बाहेर पडण्याच्या जागेकडे पाहिले की तीच गाडी सहज फिरते. संथ गतीच्या वळणात क्लच अर्धवट धरायचा, मागचा ब्रेक हलका लावून ठेवायचा आणि हँडल वळलेले असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, कारण त्या स्थितीत पुढचे चाक अडले की गाडी आडवी होते.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. वेग वाढल्यावर उजवीकडे जायचे असेल तर हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर डावीकडे वळते, गाडी उजवीकडे कलते आणि त्या कलामुळे वळण घेते. आमच्या वर्गात हे ओझरते सांगितले गेले. ही गोष्ट पहिल्याच वर्गात मैदानावर करून दाखवली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

*

मी स्वतः नवशिक्यांना शिकवतो, म्हणून वरील मताविषयी लिहितो. हँडल ढकलण्याची क्रिया पहिल्या वर्गात यावी हे मला मान्य आहे. मात्र ती ब्रेकच्या आधी नको. बहुतेक शिकणारे पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि सगळा भार मागच्या ब्रेकवर टाकतात. प्रत्यक्षात ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर जाते, त्याची पकड वाढते आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते, तर मागचे चाक हलके होऊन लवकर घसरते. म्हणून पुढचा लिव्हर झटक्याने न ओढता आधी हलका आणि मग वाढत्या दाबाने दाबायचा, गाडी सरळ ठेवायची, नजर समोर ठेवायची. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळपास चौपट होते. ही गणिते मी फळ्यावर मांडतो, पण ती पटतात मैदानावर आखलेल्या रेषेपाशी, कारण थोड्या अधिक वेगाने आलेला शिकणारा रेषेच्या किती पुढे जाऊन थांबतो ते सर्वांना दिसते. वर्ग संपल्यावरही मोकळ्या जागेत हा सराव चालू ठेवावा, आणि गाडी बदलली तर तो पुन्हा सुरुवातीपासून करावा, कारण प्रत्येक गाडीच्या लिव्हरचा ताण आणि ब्रेकची धार निराळी असते.