शब्दचर्चा : त्लाच्त्ली म्हणजे खेळ की मैदान?

विचारणा : मेक्सिकोतल्या प्राचीन चेंडूखेळावरच्या पुस्तकांत ‘त्लाच्त्ली’ कधी खेळासाठी येतो, कधी मैदानासाठी. भाषांतर करताना नेमकं काय धरायचं? आणि खेळाडूच्या कमरेच्या ‘युगो’ला जू म्हणावं का?

प्रतिसाद : नाहुआत्ल भाषेत त्लाच्त्ली म्हणजे मैदान. खेळ तो ओल्लामालिस्त्ली. काही पुस्तकं ‘उल्लामालिस्त्ली’ छापतात, तेव्हा शब्दसूचीत दोन्हीकडे शोधा. या शब्दाच्या रोमन लिपीतल्या रूपात झेड दिसला की ‘झ’ लिहायचा मोह होतो, पण उच्चार ‘स’च. हे सगळे आस्तेकांचे शब्द. मायांच्या कोरीव लेखांत या खेळासाठी ‘पित्स’ आहे, त्यामुळे चिचेन इत्सा या माया शहराबद्दल लिहिताना सरळ ‘चेंडूमैदान’ म्हणावं.

प्रतिसाद : जू अजिबात नको, वाचक मानेकडे बघेल! स्पॅनिशांनी युगो म्हटलं ते नुसत्या आकारावरून. ‘कंबरकवच’ चालेल. मात्र संग्रहालयांतली दगडी कवचं फार जड आहेत. प्रत्यक्ष खेळात लाकूड-चामड्याची हलकी वापरत असावेत, दगडी बहुधा समारंभासाठी. ‘आचा’चीही तीच गत. शब्दशः कुऱ्हाड, पण वस्तू म्हणजे कवचावर बसवायचं पातळ, कोरीव दगडी मस्तक. शब्दाला शब्द ठेवला तर खेळाडू कुऱ्हाडी परजत उतरले असं होतं.

प्रतिसाद : ‘रबरी चेंडू’ याआधी ‘भरीव’ हवंच, नाहीतर गल्ली क्रिकेटचा पोकळ चेंडू डोळ्यांपुढे येतो. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात आजही खेळल्या जाणाऱ्या उलामाचा, म्हणजे याच खेळाच्या आजच्या रूपाचा, चेंडू तीन-चार किलोंचा असतो. तो नितंबाने मारतात, म्हणून कवच लागतं. हे रबर ज्यापासून बनतं तो कास्तिया झाडाचा चीक नुसता वाळवला तर ठिसूळ होतो. आयपोमिया आल्बा या पांढऱ्या फुलांच्या वेलीचा रस त्यात मिसळला की लवचिकपणा येतो. संशोधकांनी करून पाहिलं, तेव्हा निम्मा चीक-निम्मा रस या मिश्रणाला उसळी सर्वांत चांगली आली. चपलांच्या तळव्यासाठी रस कमी, साधारण चौथा हिस्सा. म्हणून ‘नैसर्गिक रबर’ एवढंच भाषांतर अपुरं. हे प्रक्रिया केलेलं रबर आहे. कोदेक्स मेंदोसा या आस्तेकांविषयीच्या जुन्या चित्रपोथीत एका प्रांताच्या खंडणीत असे 16,000 चेंडू नोंदले आहेत.

प्रतिसाद : मैदानाच्या भिंतीतल्या दगडी कड्याला ‘बास्केट’ म्हणू नये. ते उभ्या चाकासारखं बसवलेलं, चेंडू त्यातून आडवा जातो. चिचेन इत्साला जमिनीपासून सुमारे सहा मीटरवर. शिवाय कडी उशिरा आली. मेक्सिकोतल्या पासो दे ला आमादा या प्राचीन स्थळाचं मैदान साडेतीन हजार वर्षांहून जुनं, तिथे कडं नाही. त्यामुळे ‘कड्यातून चेंडू घालण्याचा खेळ’ ही व्याख्याच चूक.

प्रतिसाद : आणि उलामातला गुण म्हणजे ‘राया’, स्पॅनिशमध्ये रेघ. आठ झाले की डाव जिंकला, पण मिळालेले गुण जातातही. देवनागरीत तसाच ठेवला तर लावणी आठवते, तेव्हा ‘रेघ’ बरी.