फेरारी ३४८ च्या सर्व्हिसचा खर्च गाडीच्या किमतीचा सहावा हिस्सा. करावा की थांबावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९१ ची ३४८ टीएस आहे, नऊ वर्षांपासून. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा) बदलून सहा वर्षं झाली, पण या सहा वर्षांत गाडी जेमतेम ४,००० किलोमीटर चालली. मेकॅनिकने आता एस्टिमेट दिलंय. आज गाडी विकली तर जे हातात पडेल, त्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. भाऊ म्हणतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी विकायची अजिबात इच्छा नाही, पण रात्री तो कागद पुढे घेतला की धीर सुटतो. रनिंग इतकं कमी आहे तर आणखी दोन वर्षं ढकलता येईल का? आणि इंजिन उतरवतोच आहोत तर क्लचही बदलून घ्या असं मेकॅनिक सुचवतोय. करू का?

उत्तर १

ढकलू नका. बेल्ट बदलेपर्यंत गाडी सुरूही करू नका, अगदी बॅटरी चार्ज करायच्या निमित्तानेसुद्धा.

मी चौदा वर्षं ३४८ सांभाळली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बेल्ट रबराचा आहे, त्याला किलोमीटरइतकंच वयही मोजावं लागतं. उभ्या गाडीत तो महिनोन्‌महिने ताणलेल्या अवस्थेत पुलीवर एकाच जागी वाकलेला राहतो. तो तुटला किंवा दोन-चार दात सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. या व्ही८ मध्ये ३२ व्हॉल्व्ह आहेत. त्यातले किती वाकले हे हेड उघडल्यावरच कळतं, आणि मग आजचं एस्टिमेट फार किरकोळ वाटायला लागतं.

आता पैशाचं. त्या एस्टिमेटमध्ये बेल्टची किंमत शोधून बघा. सगळ्यात लहान आकड्यांपैकी एक असेल. बाकी बहुतेक मजुरी आहे, आणि ती का लागते ते इंजिन कसं बसवलंय यात आहे. जुन्या फेरारी ३०८ मध्ये इंजिन आडवं होतं, त्यामुळे उजव्या मागच्या चाकाच्या कमानीतून हात घालून बेल्ट बदलता यायचे. १९८९ मध्ये ३४८ आली ती इंजिन लांबीत ठेवून. बेल्टची बाजू थेट केबिनच्या भिंतीला भिडली, मध्ये पाना फिरायलाही जागा नाही. म्हणून सबफ्रेमसकट, म्हणजे ज्या चौकटीवर ते बसतं तिच्यासकट, सगळं इंजिन खाली उतरवायचं. नंतरच्या फेरारी एफ३५५ लाही तेच. ३६० मोडेनाच्या वेळी कंपनीने सीटमागे झाकण दिलं आणि एफ४३० मध्ये बेल्ट जाऊन चेन आली. तुमच्या गाडीचा बाजारभाव वर जावो की खाली, हे तास तेवढेच लागणार. भाव पडला की बिल मोठं दिसतं, एवढंच.

इंजिन खाली आलं की टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं) बेअरिंग, कॅमचे सील, वॉटर पंप, सगळे होज पाइप आणि इंजिन माउंट बघून घ्या. यात हात आखडू नका. दोन वर्षांनी एका होजसाठी पुन्हा इंजिन उतरवणं परवडत नाही.

क्लचला मात्र थांबा. या गाडीत तो गिअरबॉक्सच्या अगदी मागच्या टोकाला आहे, इंजिन न उतरवताही निघतो. घसरत नसेल तर राहू द्या. फक्त फ्लायव्हीलमधलं (क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकातलं) ग्रीस बाहेर येतंय का ते बघायला सांगा.

मी दर वर्षी गाडीच्या किमतीच्या पाच टक्के वेगळे ठेवायचो, ती हलली नाही तरी. बिल आलं तेव्हा घरात चिंता नसायची.

उत्तर २

वरच्यांशी पूर्ण सहमत. माझी चूक सांगतो. एफ३५५ घेताना दोन गाड्या समोर होत्या. एकीसोबत बिलांची जाडजूड फाइल, दुसरी पंधरा टक्क्यांनी स्वस्त आणि कागद जवळजवळ नाहीत. मी स्वस्त घेतली, लीक-डाउन टेस्टसुद्धा (सिलिंडरमधून हवा किती गळते ती तपासणी) न करता. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यात वरखाली सरकतात त्या नळ्या) झिजलेले, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे. दीड वर्षात खरेदीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. डॅशबोर्डवरची बटणं इतकी चिकट झाली होती की बोटं काळी व्हायची. गाडी आज सुंदर चालते आणि मला ती प्रिय आहे. पण ती फाइलवाली गाडी अजून डोळ्यांसमोर येते.

उत्तर ३

विकायचा विचार कधी आलाच, तर बेल्ट बदलूनच विका. मी माझी फेरारी टेस्टारोसा विकली तेव्हा बेल्टचं काम बाकी होतं. तिचंही इंजिन उतरवावं लागतं, त्यात बारा सिलिंडर. घेणाऱ्याने कामाचे पैसे कापलेच, शिवाय आत आणखी काय निघेल या भीतीचेही कापले. गॅरेजचा आकडा त्यापेक्षा बराच कमी होता.

प्रश्नकर्ता, सात आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं. इंजिन उतरवलं त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. गाडीचं मागचं अंग रिकामं आणि सगळं इंजिन शेजारी ट्रॉलीवर, बघून पोटात गोळा आला. मेकॅनिकने बेल्ट काढून माझ्या हातात दिला. वरून काळा, गुळगुळीत. उलटा करून वाकवला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा, एकाच पट्ट्यात, जिथे तो पुलीवर वाकून बसला होता तिथे. टेन्शनरचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर खरखरत होतं. दोन होज दाबले की कुरकुरत होते, तेही बदलले. क्लच ठेवला, ग्रीस कोरडं-ठाक जागच्या जागी होतं.

बिल एस्टिमेटपेक्षा थोडं वर गेलं. भावाला तो बेल्ट दाखवला, वाकवून. त्याने भेगांवरून नख फिरवलं आणि विचारलं, "आणि तू ही गेल्या महिन्यात चालवलीस?"

काल ९० किलोमीटर फिरवली. पुढच्या बेल्टची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलीय.